बेस गिटार घ्यायची ठरवलीय? दुकानात जाण्याआधी एवढं वाचा

कॉलेजात असताना नाशिकमध्ये गणपतीत एका मंडळाचा ऑर्केस्ट्रा बघायला गेलो होतो. गर्दीत जागा मिळाली ती थेट स्पीकरच्या शेजारी. मागे ड्रमवाल्याला खेटून एक माणूस लांब दांड्याची, चार तारांची गिटार घेऊन अगदी निर्विकार उभा होता. त्याचं बोट तारेवर पडलं की माझ्या छातीत धक्का बसायचा. त्या रात्री मला कळलं की हिला बेस गिटार म्हणतात. ती घरी यायला बावीस वर्षं लागली. फी, लग्न, फ्लॅटचा हप्ता, पोरीची शाळा, कारणं सगळ्यांच्या घरी असतात तीच.

या बावीस वर्षांत मी बेसबद्दल ढीगभर वाचलं होतं. कुठल्या लाकडाचा आवाज कसा, कुठलं पिकअप (तारांची थरथर पकडणारं चुंबक) कुठल्या साली आलं, सगळं तोंडपाठ. तरी पहिल्या महिन्यात फजिती व्हायची ती झालीच. आणि गंमत म्हणजे बेस निवडण्यात मी चुकलो नाही, चुकलो ते बाकीच्या सगळ्यात. म्हणून हा लेख.

१. आधी घरच्यांना आणि स्वतःला समजवा

आईचा पहिला प्रश्न होता, "साध्या गिटारपेक्षा दोन तारा कमी आहेत, मग स्वस्त असेल ना?" नसते.

बेसच्या चार तारा म्हणजे साध्या गिटारच्या जाड चार तारा, पण एक सप्तक खाली. खर्जाचं वाद्य आहे हे. एकट्याने खोलीत बसून वाजवलं तर पाहुणे "आता गाणं वाजव ना" म्हणतात, कारण त्यांना ऐकू येतं ते नुसतं दुम दुम. चारचौघांत गाणी म्हणायची हौस असेल तर साधी गिटार घ्या, पैसे वाचतील. गाणं ऐकताना तुमचा पाय आपोआप ज्या आवाजावर हलतो तो आवाज स्वतः काढायचा असेल, तर पुढे वाचा.

२. बजेट ठरवताना बेसची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे

मी पंचवीस हजार बाजूला काढले होते आणि चोवीस हजारांची बेस पसंत करून खुशीत होतो. प्रत्यक्षात झालेला खर्च असा:

- बेस: २४,०००
- हेडफोनला जोडायचा, आवाज वाढवणारा छोटा अ‍ॅम्प: ४,०००
- केबल, पट्टा, जाड अस्तराची बॅग, सूर लावायचा ट्यूनर: ३,५००
- सेटअप (जाणकाराकडून बेस नीट जुळवून घेणं): १,२००
- तारांचा जादा संच: २,०००

बेरीज ३४,७००. वरचे दहा हजार कुठून आले ते बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही. तुमच्याकडे जी रक्कम असेल तिचे तीन भाग करा आणि दोनच भाग बेससाठी धरा.

हप्त्यावर घेणार असाल तर पॅन आणि आधार जवळ ठेवा. क्रेडिट कार्डावरचा बिनव्याजी हप्ता पूर्ण फुकट नसतो. व्याजाची रक्कम सूट म्हणून वजा करतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क तुमच्याच बिलात येतं. रक्कम मोठी नसते, पण आधी विचारलेलं बरं.

३. कुठली घ्यायची?

यावर लोक रात्र रात्र भांडतात. मी थोडक्यात आटोपतो.

चार तारांचीच घ्या. पाच तारांच्या बेसमधली सर्वांत खालची तार साधारण ३१ हर्ट्झवर वाजते आणि घरगुती छोट्या स्पीकरमधून ती धड ऐकूही येत नाही. शिवाय ती न वाजवता दाबून ठेवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

आकारात मुख्य घराणी दोन. अमेरिकन गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली. त्याआधी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचा, फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेला उभा डबल बेस. फ्रेट आल्यावर सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. १९६० मध्ये जॅझ बेस आली. तिची नेक, म्हणजे दांडा, डोक्याकडे (खुंट्या असतात त्या टोकाला) निमुळती, तिथे जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद, आणि पिकअप दोन. आज बाजारातल्या बहुतेक बेस या दोघींपैकी एकीच्या नाहीतर दोघींच्या लेकी आहेत. बोटं लहान असतील तर जॅझसारखी निमुळती नेक सोपी जाते.

तारेची लांबी सहसा ३४ इंच असते. त्यामुळे पहिला फ्रेट सुमारे ४८ मिलिमीटरवर येतो, साध्या गिटारवर तो ३६ वर असतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, करंगळीला विचारा. फारच ताण येत असेल तर ३० इंची बेस बघा. ती पोरांची म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना सांगा की बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची होफनर ३० इंचीच आहे.

यामाहा, आयबनेझ, कॉर्ट, स्क्वायर यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांपैकी कुठलीही नीट तपासून घेतलीत तर पाचेक वर्षं काही बदलावं लागत नाही. नीट तपासून, हे महत्त्वाचं. एकाच मॉडेलच्या दोन बेस शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि एक वाजते, दुसरी कण्हते.

४. दुकानात काय तपासायचं

शक्य असेल तर हातात घेऊनच खरेदी करा. मी पंचवटी एक्स्प्रेसने एक दिवस मुंबई गाठली. सीएसएमटीला उतरून धोबी तलावापर्यंत चालत जाता येतं. तिथलं फुर्ताडोज १८६५ पासूनचं आहे, आसपास वाद्यांची आणखी दुकानंही आहेत. गोव्यात पणजी आणि मडगावलाही अशी सोय आहे.

बरोबर न्यायचं सामान: सहा इंची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, फोनमध्ये ट्यूनर, आणि असलाच तर बेस वाजवणारा मित्र. मित्र गिटारवाला असेल तर त्याला बाहेर चहाला बसवा. तो आत येऊन फक्त झटपट काहीतरी वाजवून दाखवतो आणि तुमचा वेळ खातो.

आता क्रमाने.

*बसून आणि उभं राहून धरा.* पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. बेसचं डोकं खाली झुकायला लागलं तर ती नेक तुम्हाला तासभर डाव्या हाताने उचलून धरावी लागणार. खांदा दुखायला लागण्याचं हे एक मोठं कारण. वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असतं. पट्टा रुंद आणि आतून खरखरीत घ्या, गुळगुळीत नायलॉनवर बेस घसरते.

*नेकवरून नजर टाका.* ब्रिजच्या, म्हणजे तारा बेसच्या अंगावर जिथे टेकतात त्या, बाजूने एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. थोडा बाक असला तर चालतो, तो ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, सुधारतो. पीळ दिसला, म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर बेस परत टांगा. पीळ सहजासहजी निघत नाही.

*कार्ड सरकवून बघा.* जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी फट हवी. हात दोनच असल्याने कार्ड सरकवायला दुकानातल्या पोराला बोलवा.

*बाराव्या फ्रेटवर पट्टी लावा.* जाड तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. चार मिलिमीटर असेल तर बोटं सोलून निघतील. दुकानदार म्हणेल "सेटिंग होऊन जातं". होतं, पण ब्रिजवरचे खोगिरासारखे तुकडे खाली जायला जागा शिल्लक आहे का ते बघा. ते आधीच तळाला टेकलेले असतील तर सेटिंग कशाचं होणार?

*प्रत्येक फ्रेट वाजवा.* चारही तारांवर, एकेक, सावकाश. ऐंशीच्या वर सूर होतात. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. दोन गोष्टी ऐका. एक म्हणजे खरखर. तानपुऱ्याला जवारी हवी, बेसला नको. सुरुवातीच्या दोन-चार फ्रेटवरच खरखर असेल तर नेक जास्त सरळ झालीय, ते सुधारतं. एखाद्याच जागी असेल तर शेजारचा फ्रेट वर आलाय, ते काम वाढीव. दुसरी गोष्ट म्हणजे मेलेली जागा. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर उमटतो आणि बाकीच्यांपेक्षा पटकन विझतो. थोडंफार बहुतेक बेसवर असतं, पण सूर ढप्पकन पडत असेल तर दुसरी बेस मागा.

*तळवा नेकच्या कडेवरून फिरवा.* फ्रेटची टोकं बोचतात का? हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि धातू बाहेर डोकावतो.

*मग अ‍ॅम्पला जोडा.* सगळी बटणं फिरवा, करकर होतेय का ऐका. केबलचं टोक बेसमध्ये हलकेच हलवून बघा. न वाजवता गुणगुण येत असेल तर तारांवर हात ठेवा, ती कमी व्हायला हवी. वाढली तर आतलं अर्थिंग गडबडलेलं आहे. जॅझ पद्धतीच्या बेसवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की गुणगुण दबते आणि एकच ठेवला की येते. तो दोष नाही, तिची रचनाच तशी आहे.

मी तीन दुकानांत मिळून सहा बेस वाजवल्या. पहिल्यापासून मनात भरलेली निळी होती. घेतली तपकिरी. निळीच्या सातव्या फ्रेटवर सूर मरत होता.

५. कागदपत्रं आणि पॅकिंग

- जीएसटी क्रमांक असलेलं बिल, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक. नेकमागे किंवा डोक्यामागे छापलेल्या क्रमांकाशी तो तिथेच ताडून बघा.
- वॉरंटी कार्ड, तारखेसह शिक्का.
- ट्रस रॉड फिरवायची अ‍ॅलन की. ती खोक्यात असायला हवी, आणि नेमकी तीच नसते. मागून घ्या.

ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबता काढा. पहिल्यांदा मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइनच मागवली होती. डोक्याजवळ बारीक तडा होता. "हे रंगाचं आहे" असं उत्तर आलं. व्हिडिओ होता म्हणून तीन आठवड्यांनी का होईना, पैसे परत मिळाले.

जुनी बेस घेणार असाल तर वरच्या सगळ्या तपासण्यांत एकाची भर घाला: ट्रस रॉडचा नट अर्धा फेरा फिरवून परत जागेवर आणायला सांगा. तो फिरतच नसेल किंवा नुसताच गरगर फिरत असेल तर व्यवहार सोडा. मूळ बिल मागा, नसेल तर साध्या कागदावर सही-तारखेसह पावती आणि ओळखपत्राची प्रत घ्या.

परतीच्या गाडीत बेस वरच्या फळीवर आडवी ठेवली. शेजारच्या काकांनी कसाऱ्याच्या अलीकडेच फर्माईश केली, "एक गाणं होऊन जाऊ दे." अ‍ॅम्पशिवाय बेस धावत्या गाडीत वाजवणाऱ्यालाही ऐकू येत नाही. त्यांना ते पटलं नाही. इगतपुरीपर्यंत मी शिष्ट ठरलो होतो.

६. सूर लावताना तार तोडू नका

ही माझी सर्वांत मोठी फजिती. घरी आलो, फोनवरचा ट्यूनर उघडला आणि खुंट्या पिळायला लागलो. जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झ, तो फोनच्या माइकला नीट पकडताच येईना. बारीक तारेच्या वेळी ट्यूनर "अजून वर" म्हणत गेला, मी पिळत गेलो. मी साध्या गिटारचं सेटिंग लावून बसलो होतो आणि एक सप्तक वर निघालो होतो. तार फाडकन तुटली आणि मनगटावर वळ उठला. नव्या बेसवर पहिल्या दिवशी तीन तारा.

तेव्हा ट्यूनरमध्ये बेस हा पर्याय निवडा. जाड तार पकडली जात नसेल तर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श ठेवून छेडा, लगेच बोट उचला. जो घंटेसारखा सूर येतो तो एक सप्तक वरचा, ८२ हर्ट्झचा असतो आणि फोनला ऐकू येतो. आणि तार ताणली जातेय, बोटाला कडक लागतेय असं वाटलं की ट्यूनरपेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

७. सेटअप करून घ्या, आणि तोही दोनदा

कारखान्यातून आलेली बेस समुद्रावरून, गोदामातून, वेगवेगळ्या हवेतून आलेली असते. जाणकाराकडून एकदा नेकचा बाक, तारांची उंची आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवून घ्या. माझं काम तासाभरात झालं. आधी मला वाटायचं माझीच बोटं अशक्त आहेत.

दुसरा सेटअप पावसाळ्यानंतर. दमट हवेत लाकूड फुगतं, नेक हलते. जुलैमध्ये माझ्या तारा आपोआप उंच झाल्या. स्वतः ट्रस रॉड फिरवायचा असेल तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. उजवीकडे आवळला की नेक सरळ होते, डावीकडे सैल केला की बाक वाढतो. पाव फेरा झाला की सूर लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. जोर लावावा लागत असेल तर थांबा, जाणकाराकडे न्या.

बेस बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसात त्या भिंतीला ओल येते. वाजवून झालं की जुन्या मऊ सुती कापडाने तारा पुसा. आमच्याकडे वडिलांच्या धोतराचा तुकडा या कामी आलाय. तारा किती दिवसांनी बदलायच्या यावर वाद नको. प्रसिद्ध अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सन तर गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा वर्षानुवर्षं बदलायचा नाही, आणि वाजवायचाही एकाच बोटाने.

८. अ‍ॅम्प, हेडफोन आणि खालचे देशपांडे

खर्जाचा आवाज भिंतीत थांबत नाही. तुमच्या खोलीत जो हळू वाटतो तो खालच्या मजल्यावर भांडी थरथरवतो. खालच्या देशपांडे आजींनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "बोअरवेल काढताय का?" त्यामुळे सुरुवात हेडफोनने करा.

- हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, तुम्ही आत्ता वाजवलेलं मागाहून कानात येतं आणि ताल सुटतो.
- साध्या गिटारच्या अ‍ॅम्पला बेस हळू आवाजात जोडली तर चालते. आवाज वाढवलात तर स्पीकर फाटू शकतो, मग अ‍ॅम्पवाल्या मित्राशी मैत्रीही.
- होम थिएटरला थेट जोडू नका. आवाज इतका पातळ येतो की बेसच खराब आहे असं वाटतं.
- अ‍ॅम्प घेतलात तर जमिनीवर न ठेवता स्टुलावर, खाली जाड रबर घालून ठेवा.

बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल, म्हणजे ती अ‍ॅक्टिव्ह असेल, तर वाजवून झालं की केबल काढा. बहुतेक अशा बेसमध्ये केबल घातली की बॅटरी सुरू होते, वेगळं बटण नसतं. मी केबल तशीच ठेवून झोपायचो. दहा दिवसांत आवाज चिरका आणि फाटका यायला लागला. मी पिकअप गेलं म्हणून रडकुंडीला आलो होतो. बॅटरी बदलली, प्रश्न मिटला.

९. पहिल्यांदा लोकांत वाजवताना

बँड जमेपर्यंत थांबू नका. आमच्या सोसायटीत एकादशीला भजन असतं, मी तिथेच सुरुवात केली. पेटीवाल्यांची भाषा आणि बेसची भाषा जुळवायला हे लक्षात ठेवा: जाड तारेपासून बारीक तारेकडे मोकळ्या चार तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. पुढचा प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, काळी-पांढरी दोन्ही धरून. काळी एक हवी असेल तर दुसऱ्या तारेवर चौथा फ्रेट. पंचम त्याच्या पुढच्या बारीक तारेवर, दोन फ्रेट वर. सुरुवातीला नुसते षड्ज आणि पंचम वाजवा, समेवर चुकू नका, तेवढं पुरतं.

गेल्या खेपेला बाहेरगावच्या एक बाई गायला आल्या आणि अभंग काळी एकऐवजी काळी दोनमध्ये घ्या म्हणाल्या. बेसवर हाताचा आकार तोच ठेवून दोन फ्रेट पुढे सरकायचं असतं, मी सरकलो. आमच्या काकांची पेटी स्केल चेंजरची, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी, नाही. त्यांना सगळी बोटं बदलावी लागली, आणि पूर्ण अभंगभर ते माझ्याकडे रागाने बघत होते.